‘तिला तसंही काहीच मिळत नव्हतं’ हा युक्तिवाद पुरतो का?

प्रश्न असा आला आहे: ‘मी सामुदायिक वैद्यकशास्त्रात पीजी करते आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर भारतात जे तीन मोठे तपासणी-अभ्यास झाले, त्यांच्यावर सेमिनार घ्यायचा आहे. काही लेखांत त्यांना सरळ अनैतिक म्हटलं आहे. पण कंट्रोल गटातल्या, म्हणजे तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या, बायकांना संशोधकांनी कुठलाही अपाय केला नाही. त्यांना जे तसंही मिळत होतं, तेच मिळत राहिलं. मग चूक नेमकी कुठे आहे? आणि माझ्या स्वतःच्या प्रबंधात कंट्रोल गट ठेवायचा झाला, तर कसा ठेवू?’

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं एथिक्स कमिटीवर, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीवर, काम करतो आहे. या विषयावर माझं मत ठाम आहे, म्हणून ते आधीच सांगतो. ते अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना मी खलनायक मानत नाही. त्यांतल्या अनेकांनी आयुष्यभर गरीब बायकांसाठीच काम केलं. पण ‘तिला तसंही काहीच मिळत नव्हतं’ हे वाक्य मी कमिटीसमोर कधीच मान्य करणार नाही. ते का, हे नीट समजण्यासाठी आधी हा आजार आणि मग अभ्यासांचा तपशील पाहावा लागेल.

गर्भाशयमुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग टिकून राहिला, तर पेशींत बदल सुरू होतात आणि त्या बदलांचा कर्करोग व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं जातात. एवढ्या काळात ते कधीही सापडले, तर ओपीडीत काही मिनिटांच्या क्रायोथेरपीने तो भाग गोठवून टाकता येतो. बाई त्याच दिवशी घरी जाते. उशीर झाला, तर रक्तस्राव, दुर्गंधी, पाठीत आणि पायांत न सोसणाऱ्या वेदना, मूत्रपिंडं निकामी होणं. हे मरण मी वॉर्डात पाहिलं आहे. थांबवता येण्यासारखा एवढा मोठा अवधी देणारे कर्करोग फार थोडे आहेत, म्हणूनच इथे ‘काही केलं नाही’ या गोष्टीलाही वजन येतं.

तपासणीचे मार्ग तीन. पॅप स्मिअरमध्ये पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एचपीव्ही चाचणीत विषाणूचा डीएनए शोधतात. तिसरा मार्ग सगळ्यात साधा, त्याला व्हीआयए म्हणतात. तीन ते पाच टक्के ॲसेटिक ॲसिड, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातलं व्हिनेगर, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी पडते. चांगला उजेड असला आणि नजर तयार असली, की नर्सलाही ते दिसतं. लॅब लागत नाही आणि रिपोर्टची वाटही पाहावी लागत नाही.

आता अभ्यास. मुंबईत टाटा मेमोरिअलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांमधल्या वीस वस्त्या निवडल्या. ३५ ते ६४ वयाच्या ७५,३६० बायकांना दर दोन वर्षांनी व्हीआयए आणि ७६,१७८ बायकांना कर्करोगाविषयी माहिती, पण तपासणी नाही. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) १९९९ पासून, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने, गावांचे ५२ समूह चार गटांत वाटले: एचपीव्ही चाचणी, पॅप, व्हीआयए, आणि चौथा गट ‘नेहमीची सेवा’. या चौथ्या गटात ३१,४८८ बायका होत्या. तिसरा अभ्यास तमिळनाडूतल्या दिंडीगुलचा. तो २००० मध्ये सुरू झाला आणि त्याच्या कंट्रोल गटात ३०,९५८ बायका. उस्मानाबाद आणि दिंडीगुल या दोन्हींमागे गेट्स फाउंडेशनचा पैसा होता.

निकाल महत्त्वाचे निघाले. दिंडीगुलचा निकाल २००७ मध्ये आला, व्हीआयएने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. उस्मानाबादचा २००९ मध्ये आला: एचपीव्ही चाचणीच्या गटात कर्करोगाने ३४ मृत्यू, कंट्रोल गटात ६४. दोन्ही गट जवळपास सारख्या आकाराचे होते, म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईचा निकाल २०१३ मध्ये शिकागोच्या कर्करोग परिषदेत मांडला गेला: ३१ टक्के घट. ही पद्धत देशभर राबवली, तर भारतात वर्षाला २२,००० मृत्यू टळतील, असा अंदाजही तिथेच दिला गेला.

आणि इथूनच वाद पेटला. तिन्ही कंट्रोल गटांची बेरीज होते १,३८,६२४ बायका. त्यांतल्या २५४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने वारल्या. हा आकडा तुमच्या सेमिनारमध्ये येणारच, म्हणून त्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘संशोधनाने २५४ बायका मारल्या’ असं कुणी म्हणालं, तर ते चूक आहे. तपासणीच्या गटांतल्या २,२४,९२९ बायकांपैकीही २९४ जणी याच आजाराने गेल्या. कुठलीही तपासणी सगळ्यांना वाचवत नाही. शिवाय तीन अभ्यासांचे वयोगट आणि पाठपुराव्याची वर्षं वेगवेगळी, त्यामुळे सरळ बेरजा-वजाबाक्या करून ‘इतक्या वाचल्या असत्या’ असं नेमकं सांगता येत नाही. पण दोन्ही बाजूंचं प्रमाण नुसतं शेजारी मांडलं, तरी कंट्रोल गटात मृत्यूचा दर साधारण १.४ पट दिसतो. तो फरक म्हणजेच या अभ्यासांचा निष्कर्ष. तपासणी उपयोगी आहे हे ज्या मृत्यूंमुळे सिद्ध झालं, ते मृत्यू कंट्रोल गटातल्या बायकांचे होते.

संशोधकांची बाजू तितक्याच प्रामाणिकपणे मांडायला हवी, आणि ती कमकुवत नाही. पहिला मुद्दा: त्या वेळी देशात सार्वजनिक तपासणी कार्यक्रम जवळपास नव्हताच. पॅपसाठी लॅब, सायटोलॉजिस्ट (पेशी तपासणारा तज्ज्ञ) आणि रिपोर्ट घेऊन पुन्हा बाईपर्यंत पोहोचण्याची यंत्रणा लागते. श्रीमंत देशांत ते जमलं म्हणून मराठवाड्यात जमेल, हे कुणी ठरवलं? दुसरा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. उस्मानाबादच्या निकालात पॅप आणि व्हीआयए या दोन्ही गटांत मृत्यू लक्षणीय घटलेच नाहीत, फरक पडला तो फक्त एचपीव्ही चाचणीने. म्हणजे ‘पॅप चालतं हे सगळ्यांना ठाऊकच होतं’ हा टीकाकारांचा दावा खेड्यातल्या परिस्थितीत तितकासा खरा ठरला नाही. अनिश्चितता खरी होती आणि कुठली पद्धत इथे चालते हे तपासणं गरजेचंच होतं. तिसरा मुद्दा: पुराव्याशिवाय सरकार हलत नाही.

हा तिसरा मुद्दा मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही. पॅप स्मिअर जगात कधीच अशा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकून गट पाडलेल्या, अभ्यासातून सिद्ध झालेली नाही. या चाचणीवरचं पापनिकोलाउ आणि ट्राउट यांचं काम १९४३ चं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियाने १९४९ मध्ये तपासणी सुरू केली, नंतर उत्तर युरोपातल्या देशांनी केली, मृत्यू घसरले, आणि तेवढा पुरावा तिथल्या बायकांसाठी पुरेसा मानला गेला. तिथे कुणीही म्हटलं नाही की आधी काही हजार बायकांना तपासणीविना ठेवून मोजूया. मग आपल्याकडच्या बायकांसाठीच पुराव्याची पायरी इतकी उंच का? त्या गरीब होत्या आणि त्यांच्या सरकारने काही दिलं नव्हतं, याखेरीज मला दुसरं उत्तर सापडत नाही.

हाच प्रश्न एचआयव्हीच्या बाबतीत आधी येऊन गेला होता आणि संशोधकांना तो ठाऊक होता. १९९४ मध्ये सिद्ध झालं की गरोदरपणात झिडोव्हुडिन हे एचआयव्हीविरोधी औषध दिलं, तर आईकडून बाळाला होणारा संसर्ग २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येतो. तो कोर्स महाग आणि लांब होता. म्हणून थायलंड आणि आफ्रिकेत स्वस्त, छोट्या कोर्सच्या चाचण्या झाल्या, आणि त्यांत निम्म्या मातांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, दिलं गेलं. कारण हेच: ‘तिथे तसंही काही मिळत नाही.’ १९९७ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकांत यावरून मोठं वादळ उठलं. १९९८ च्या सुरुवातीला थायलंडचा निकाल आला, छोट्या कोर्सने संसर्ग निम्म्यावर आला, आणि प्लासिबो थांबवण्यात आलं. निकाल हाती येताच त्यांनी हात आखडता घेतला नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवावी लागेल.

आपल्याकडे तसं झालं का? माझा मुख्य आक्षेप इथे आहे. २००७ मध्ये दिंडीगुल, २००९ मध्ये उस्मानाबाद. या दोन निकालांत व्हीआयएबद्दल एकवाक्यता नव्हती, हे मी वर सांगितलंच. पण २००९ नंतर ‘तपासणीने या देशातल्या खेड्यातही मृत्यू टळतात का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर मिळालेलं होतं, मग पद्धत कुठली का असेना. मुंबईच्या कंट्रोल गटातल्या शहात्तर हजार बायका त्या दिवशीही रजिस्टरमध्ये नावानिशी, वयानिशी, पत्त्यानिशी होत्या. तोवरच्या मृत्यूंची नोंद झालेली होती, ती कुठे जाणार नव्हती. त्यांना तेव्हा तपासणीला बोलावलं असतं, तर आकडेवारी थोडी विरळ झाली असती. मला ती किंमत मोजणं योग्य वाटतं.

तुमच्या ‘अपाय केला नाही’ या म्हणण्याचं उत्तरही इथेच आहे. ज्या बाईकडे कुणी कधी फिरकलंच नाही, तिच्याबाबतीत तुमची जबाबदारी नागरिक म्हणून जेवढी असेल तेवढी. पण तुम्ही तिच्या दारात गेलात, तिची मुलं किती, पाळी कधी गेली हे विचारलंत, नाव लिहून घेतलंत, आणि नंतर ती जिवंत आहे का, नसली तर कशाने गेली, हे विचारायला पुन्हा आलात. त्या क्षणापासून ती तुमची सहभागी आहे. तिच्या मृत्यूची वाट पाहणं हा तुमच्या अभ्यासाचा भाग झाला आहे. सरकारने दुर्लक्ष केलं हे तुमच्या आधी खरं होतं, पण आता दुर्लक्ष करणाऱ्यांत तुम्हीही आहात, आणि तुम्हाला तिचा पत्ता माहीत आहे.

संमतीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे आणि सेमिनारमध्ये तो बहुतेक जण वगळतात. हे क्लस्टर अभ्यास होते. चिठ्ठी बाईच्या नावाने निघाली नव्हती, वस्तीच्या किंवा गावांच्या समूहाच्या नावाने निघाली होती. म्हणजे तुमची टीम पोहोचते तेव्हा गाव कुठल्या गटात हे ठरून गेलेलं असतं. मग कंट्रोल गावातल्या बाईकडून संमती कशाची घेणार? प्रश्नावलीची आणि पाठपुराव्याची. शेजारच्या तालुक्यातल्या बायकांना याच अभ्यासात मोफत तपासणी मिळते आहे, हे तिला सांगितलं नाही तर तिने नेमकं कशाला ‘हो’ म्हटलं? मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकेचा सरकारी पैसा असल्याने तिथल्या मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाकडे तक्रार गेली, आणि तपासणीच्या पर्यायांविषयी बायकांना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असा निष्कर्ष त्या कार्यालयाने काढला. क्लस्टर अभ्यासांच्या नैतिकतेवरचं ओटावा निवेदन २०१२ मध्ये आलं, म्हणजे हे अभ्यास आखले गेले तेव्हा तसं मार्गदर्शन नव्हतं. पण तिला सगळं सांगायला हवं, हे समजण्यासाठी निवेदनाची गरज नव्हती.

मी ज्या कमिटीवर होतो, तिथे असाच एक क्लस्टर प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, आला होता. आजार वेगळा, पण आखणी हीच. संमतीपत्रात कंट्रोल गटासाठी लिहिलं होतं: ‘आपणांस नेहमीप्रमाणे शासकीय आरोग्यसेवा उपलब्ध राहील.’ आम्ही डॉक्टर मंडळींनी ते वाचून पान उलटलं होतं. आमच्यातल्या बिगर-वैद्यकीय सदस्या, एक निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणाल्या, ‘सर, ही सेवा कुठल्या गावात, कुठल्या वारी, कोण देतं? तेवढं इथे लिहा म्हणजे बाई जाऊ तरी शकेल.’ संशोधकाने प्रामाणिकपणे सांगितलं की या तपासणीची सोय त्या तालुक्यात कुठेच नाही. मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या, ‘मग तसंच लिहा. तुमच्या गटाला तपासणी मिळणार नाही, दुसऱ्या गटाला मिळणार आहे.’ खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. असं लिहिलेला कागद घेऊन बाईसमोर बसणं जमणार नाही, हे सगळ्यांनाच कळलं होतं. प्रोटोकॉल परत गेला आणि आखणी बदलून आला. कागदावर खरं वाक्य लिहायची लाज वाटत असेल, तर दोष आखणीत आहे, ही कसोटी मी त्यांच्याकडून शिकलो आणि तेव्हापासून प्रत्येक प्रोटोकॉलला लावतो.

याआधी याच आजारावर आपल्या देशात एक गंभीर प्रकरण झालं होतं, ते सेमिनारमध्ये जरूर घ्या. १९७६ ते १९८८ या काळात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) दिल्लीतल्या संस्थेने पेशींत बदल झालेल्या १,१५८ बायकांवर उपचार न करता फक्त लक्ष ठेवलं, बदल कसे वाढतात हे पाहायला. ७१ जणींचे बदल कर्करोगापर्यंत गेले, त्यांतल्या नऊ जणींचा आजार पसरलेला होता. लेखी संमती नव्हती. हे १९९७ मध्ये उघड झालं आणि २००० मध्ये आयसीएमआरची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आली. ती नंतर २००६ आणि २०१७ मध्ये सुधारली. उस्मानाबाद-मुंबई हे दिल्लीसारखं प्रकरण नव्हे, ही रेषा स्पष्ट ठेवा. दिल्लीत आजार दिसत असताना उपचार रोखले. नंतरच्या अभ्यासांत कंट्रोल गटातल्या बायकांना आजार आहे की नाही हेच पाहिलं गेलं नव्हतं. मी या दोन गोष्टी एका मापाने मोजत नाही. पण ‘न पाहिल्यामुळे कळलं नाही’ हेही पूर्ण उत्तर होत नाही.

कुणी म्हणेल, कंट्रोल गटाशिवाय परिणाम मोजणार कसा? पर्याय होता आणि तो तेव्हाही माहीत होता. गांबियात १९८६ मध्ये हेपटायटिस बी लसीचा अभ्यास सुरू झाला. सगळ्यांना एकदम पुरेल एवढी लस नव्हती, म्हणून लसीकरण टप्प्याटप्प्याने, चार वर्षांत, एकेक विभाग करत देशभर नेलं. ज्या विभागाची पाळी अजून यायची आहे तो तोपर्यंतचा कंट्रोल, आणि कुणाची पाळी कधी हे चिठ्ठीने ठरलं. शेवटी लस सगळ्या देशाला मिळाली. याला स्टेप्ड-वेज आखणी म्हणतात. कर्करोगाला वेळ लागतो, त्यामुळे हीच आखणी जशीच्या तशी बसली नसती हे मान्य. टप्पे लांब ठेवावे लागले असते, आकडेवारी अवघड झाली असती. पण ‘कंट्रोल गटाला कधीतरी देऊ’ आणि ‘कंट्रोल गटाला अमुक वर्षी देऊ’ यांत खूप अंतर आहे. मुंबईच्या निकालानंतर कंट्रोल गटातल्या बायकांनाही तपासणी द्यायचं जाहीर झालं, ते चांगलंच झालं. पण १९९८ मध्ये चाळीस वर्षांची असलेली बाई तोवर पंचावन्नची झाली होती.

माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याची २०१३ ची आवृत्ती या बाबतीत स्पष्ट आहे: नव्या उपायाची तुलना सिद्ध झालेल्या सर्वोत्तम उपायाशी करायची. अपवाद तेव्हाच, जेव्हा सिद्ध झालेला उपायच नसेल, किंवा शास्त्रीय कारण सबळ असेल आणि सहभागींना गंभीर किंवा कायमच्या इजेचा जास्तीचा धोका नसेल. त्या वाक्यात ‘त्या देशात मिळणारा’ असे शब्द नाहीत. कर्करोगापेक्षा जास्त कायमची इजा कुठली?

आता तुमचा प्रबंध. पीजीच्या तीन वर्षांत तुम्हाला मृत्यू मोजायचे नाहीत, त्यामुळे तुमचं काम सोपं आहे. तुमच्या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असा गट खरोखर लागतो का, हे आधी गाइडला विचारा. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ येतं. व्हीआयए आणि एचपीव्ही यांची, किंवा आशाताईंनी बोलावणं आणि एएनएमने (उपकेंद्रातल्या परिचारिकेने) बोलावणं यांची तुलना करता येते. दोन्ही गटांना तपासणी मिळते आणि प्रश्नही शाबूत राहतो. २०१६ पासून तीस वर्षांवरच्या बायकांसाठी तोंडाच्या, स्तनांच्या आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीची राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहे. त्यामुळे ‘नेहमीची सेवा’ काय असायला हवी हे आता कागदावर आहे, तुमच्या पीएचसीत ती प्रत्यक्षात चालत नसली तरी. तुलना कागदावरच्या सेवेशी करा आणि ती नसेल तर तुम्ही पुरवा.

कंट्रोल गट ठेवावाच लागला, तर त्याला तपासणी कधी मिळणार याची तारीख प्रोटोकॉलमध्ये घाला आणि त्याचा खर्च बजेटमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा. ‘अभ्यासानंतर शक्य झाल्यास’ असं लिहिलंत तर मी तो कागद परत पाठवेन, आणि माझ्यासारखे बरेच पाठवतील. पॉझिटिव्ह निघालेल्या बाईचं पुढे काय, कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुख भिंगातून पाहण्याची तपासणी) कुठे, क्रायोथेरपीचं यंत्र कुठल्या रुग्णालयात चालू स्थितीत आहे, तिथपर्यंतचं एसटीचं भाडं कोण देणार, हे सगळं आधी प्रत्यक्ष जाऊन बघून या. फोनवर ‘मशीन आहे’ सांगतात आणि गॅसचं सिलिंडर रिकामं असतं. मध्येच निकाल स्पष्ट झाला तर थांबायचं कधी, हे आधीच ठरवा आणि ते ठरवणारी व्यक्ती तुमच्या विभागाबाहेरची ठेवा.

आणि संमतीपत्राचा मराठी मसुदा कमिटीकडे देण्याआधी तुमच्या क्षेत्रातल्या एएनएमला वाचायला द्या. त्यातलं कुठलं वाक्य बाईसमोर वाचताना तिची जीभ अडखळते, ते तिला खूण करून परत द्यायला सांगा.